तिचं कुत्रं, माझं कुलूप

आमच्या घरात कुत्रं एकच झालं, आणि ते दीड वर्षही जगलं नाही. ते बायकोचं होतं. बायको गेल्या साली गेली. आता ही गोष्ट माहीत असणारा मी एकटाच उरलो, म्हणून लिहून ठेवतो.

लग्न झालं आणि लढाई लागली. मी पलटणीत गेलो. बायको कडेगावच्या बाजूला, आमच्या गावी, माझ्या आईपाशी राहिली. मी घरी येण्याच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. थंडीत कुत्र्याची पिल्लं ऊब बघून चुलवाणाच्या राखेत येऊन निजतात. त्या सकाळी एक पिल्लू राखेतनं केकाटत बाहेर पडलं. खाली निखारा राहिला होता, मागचा पाय पंजापर्यंत भाजलेला. जाळ घालणारा गडी म्हणाला, "ह्येचं काय खरं न्हाई वयनी. टाकू का वड्यात?"

बायकोनं ते त्याच्या हातातनं काढून घेतलं आणि पदरात गुंडाळलं. महिनाभर खोबरेल तेल लावून तिनं त्याला उभं केलं. पाय वाकडा राहिला तो राहिलाच. आई म्हणायची, "सोताला प्वार न्हाई म्हून कुत्र्याला मांडीवर घेऊन बसती." बायको उलट बोलायची नाही. कुत्र्याला मात्र 'लेका' म्हणून हाक मारायची. दुसरं नाव तिनं ठेवलंच नाही.

हे सगळं मला मागनं कळलं. मी घरी आलो तेव्हा ट्रंक डोक्यावर घेऊन दारात उभा, आणि हे तांबडं कुत्रं तीन पायांवर नाचत माझ्या अंगावर येतंय. मी ट्रंक खाली ठेवली तर तिच्यावर चढून बसलं. शेजारची म्हातारी ओट्यावरनं ओरडली, "बग गं, तुजा लेक बापाला घरात घिईना!" सगळी आळी हसली. बायको आतनं आली, कुत्र्याच्या पाठीत एक चापट दिली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाय धुऊन या आत."

आठ दिवस ते माझ्यावर गुरगुरत होतं. मग एक दिवस आपणहून माझ्या मागं मळ्यात आलं, आणि पुढं रोजच यायला लागलं. ऊस खायचं ते माणसासारखं. कांडं पुढच्या दोन पायांत धरून दाढेखाली फोडायचं, रस चोखायचं, चोयट्या टाकून द्यायचं. गुऱ्हाळावर येणारी माणसं मुद्दाम त्याला ऊस टाकून बघत बसायची. माझाही जीव जडला होता, खोटं कशाला सांगू. पण ते होतं तिचं. तिच्या हाकेला उठायचं, माझ्या हाकेला नुसतं कान हलवायचं.

पुढच्या गुऱ्हाळाच्या हंगामात बायकोला पाचवा महिना लागला होता. एके दिवशी सकाळी बघतो तर कुत्र्याचं तोंड अर्धं उघडं, लाळेच्या तारा लोंबतायत. पाण्याच्या भांड्याशी जायचं, वास घ्यायचं, मान झटकायचं, आणि मागं सरायचं. पुढच्या पंजांनी थोबाड ओरबाडायचं.

छावणीत आमच्या पलटणीतला एक गडी कुत्रं चावून मेला होता. पाण्याचा मग नुसता दिसला तरी त्याचा घसा आवळून यायचा. आम्ही चौघांनी त्याला खाटेवर दाबून धरला होता. शुद्धीवर होता, हेच वाईट. हात जोडून म्हणायचा, पाणी दाखवू नका रं. ते ज्यानं बघितलंय त्याला लाळ गाळणारं, पाण्याला बिचकणारं कुत्रं बघून दुसरं काही सुचत नाही.

मी घोंगडं टाकून कुत्र्याला धरलं, मागच्या रिकाम्या खोलीत घातलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

बायको धावत आली. "आवं, त्येच्या तोंडात कायतरी अडकलंय. पंजानं खाजवतंय, बगा की!"

"पिसाळल्याव समदं करतंय ते."

"पिसाळलेलं कुत्रं सकाळी माज्या पायावर डोकं ठिवून बसलं व्हतं व्हय? किल्ली द्या. मी तोंड उगडून बघती."

"हात घालणार त्येच्या तोंडात? पोटात काय हाय, ध्यानात हाय का?"

"मला म्हायती हाय माज्या पोटात काय हाय ते."

आई माझ्या बाजूनं उभी राहिली. शेजारचा म्हातारा आला, फटीतनं बघून म्हणाला, "पिसाळलंय गड्या. दार उगडू नगंस. चावलं तर पोटात चौदा सुया, आन् त्याबी लागू पडतील का न्हाई कुणाला म्हाईत." ढोरांचा डॉक्टर लांब, तालुक्याला. बैल आजारी असता तर गाडी जुंपली असती. कुत्र्यासाठी गाडी जुंपायची हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, माझ्याही नाही.

पाच दिवस लागले. पहिले दोन दिवस ते दार खरवडत होतं. तिचा आवाज आला की जास्तच. ती दाराला पाठ लावून बसायची, फटीतनं बोटं घालायला बघायची, आणि मी तिला दंडाला धरून उठवायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी धरा त्येला घोंगड्यात, मी लांबनं काटकीनं बघती. हात न्हाई लावत." मी नाही म्हणालो. घोंगड्यात धरून आत तर मीच घातलं होतं, तेव्हा ते चावलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण मला खाटेवरचा तो गडीच दिसत होता.

सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं. कुशीवर पडलेलं, थंड झालेलं. पुरायला उचललं तर मान मागं पडली आणि तोंड उघडलं. वरच्या दोन्ही बाजूच्या दाढांमध्ये, टाळूला आडवा, उसाचा तुकडा बसला होता. बोटाएवढा. भोवतीनं सडलं होतं. मी बोट घालून ओढला. निघाला.

तो तुकडा ओढ्यात टाकला असता तर कुणाला काय कळणार होतं. पण लपवायची मला सवय नाही. घरी आणून तिच्यापुढं धरला. तिनं बघितलं, चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "खोली धुऊन काडा. शेळ्या बांदायच्या हायत."

मला वाटलं होतं रडेल, शिव्या देईल. जेवायला वाढलं तिनं त्या दिवशीसुद्धा. पुढं मुलगी झाली, तिच्या मागं दोन मुलगे झाले. दुसरं कुत्रं घरात आलं नाही. मी एकदा एक पिल्लू आणलं तर म्हणाली, "ज्येचं हाय त्येला द्या जावा."

जन्मभरात हा विषय तिनं तीन-चारदाच काढला असेल. दर वेळी मी एकच म्हणायचो, खरंच पिसाळलेलं असतं तर? तू आणि लेकरू दोघंही गेला असता. ती म्हणायची, "असतं तर. पर नव्हतं." मग मी आवाज चढवायचो. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही नाही. पण काटकीनं बघू द्यायला काय झालं होतं, ह्याचं उत्तर मला एकदाही देता आलं नाही, म्हणूनच आवाज चढायचा.

शेवटची दोन वर्षं तिचं डोकं हललं. आम्ही सांगलीला मोठ्या मुलाकडं होतो. माणसं ओळखेना, मला कधी वडील म्हणायची, कधी पाव्हणं. एका दुपारी गॅलरीत तिला उन्हाला बसवलं होतं. खाली रस्त्यावर एक तांबडं कुत्रं चाललं होतं, त्याच्याकडं बघत बसली. मी म्हटलं, तुझं कुत्रं आठवतं का? म्हणाली, "कंचं कुत्रं?"

मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासनं. राखेतनं कसं निघालं, ट्रंकेवर कसं चढून बसलं, आणि कुलूप. ती लहान पोरागत तोंडाकडं बघत ऐकत होती. उसाचा तुकडा सांगितल्यावर तिचे डोळे भरले. म्हणाली, "मग त्या बाईला बगू द्याचं हुतं की वो."

मी म्हटलं, "व्हय. द्यायला पायजे हुतं. चुकलं माजं."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तोंडातनं निघालं. ती माझ्या हातावर हात ठेवून, परक्या माणसाला समजवावं तसं म्हणाली, "मग तिला सांगितलंसा का तसं?"

"सांगितलं," म्हटलं.

"काय म्हनली?"

ती वाट बघत होती. ऊन सरकून तिच्या डोळ्यावर आलं, म्हणून मी तिची खुर्ची जरा आत ओढली.