तिकडचा रंग

माझ्या मावशीला चष्मा काढला की जास्त दिसायचं. या एका गोष्टीवर आमचं अख्खं घराणं वर्षानुवर्षं हसत आलं, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मावशी फुलांच्या दुकानात गुच्छ बांधायची. तिला जन्मतःच मोतीबिंदू होता, म्हणून लहानपणीच दोन्ही डोळ्यांतली भिंगं काढावी लागली. त्या काळी त्यांच्या जागी दुसरी बसवली नाहीत, नुसता जाडजूड चष्मा हातात दिला. तो काढला की तिला सगळं धूसर दिसायचं. पण त्या धूसरात एक रंग उरायचा, जो आम्हाला कधी दिसलाच नाही. जांभळ्याच्या पुढचा, फिकट, पांढुरका. त्याला नाव काय देणार? ती म्हणायची, "तिकडचा."

पिवळीधमक फुलं हातात घेऊन ती सांगायची, "यांच्या कडेला तिकडचा आहे, मधे नाही. आणि ही दुसरी नुसतीच पिवळी." आम्हाला दोन्ही सारखीच. मग काय, घरात कुणी थाप मारली की 'हे तिकडचं दिसतंय' म्हणायची पद्धतच पडली. यात काका, म्हणजे तिचे यजमान, सगळ्यांच्या पुढे. बायकोची टिंगल करायला या माणसाला चारचौघं लागायची.

एकदा गिऱ्हाइकासमोर तिने चष्मा काढला आणि बांधलेल्या गुच्छातलं एक फूल बदललं. म्हणाली, "हे बाकीच्यांत मिसळत नाही." गिऱ्हाईक हसलं, मालक चिडला. 'बाईंचे डोळे दाखवा, नाहीतर त्यांना घरी बसवा,' असा निरोप काकांना आला.

डॉक्टरांकडे मीही बरोबर गेले होते. त्यांनी मावशीचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरोबर सांगताय तुम्ही," ते म्हणाले. "डोळ्यातलं भिंग अतिनील प्रकाश अडवतं, चष्म्याची काचही अडवते. तुम्हाला भिंगच नाही, म्हणून चष्मा काढला की तो आत पोचतो. मधमाश्यांना फुलांवरच्या खुणा त्याच प्रकाशात दिसतात. आता नवी भिंगं बसवता येतील, नजर साफ होईल. तो रंग मात्र जाईल."

मावशी लहान मुलीसारखी हसली. या बाबतीत तिला 'बरोबर' म्हणणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी या माणसाला काही वाटेल.

जिन्यात काका म्हणाले, "डॉक्टरांना पेशंटचं मन राखावं लागतं."

"काका, तुम्ही समोर बसून ऐकलंत ना?"

"अगं, तिला काम टिकवायचंय की नाही? तू उगाच तिला भरीला घालू नकोस."

म्हणजे वर मलाच! मी आणखी बोलणार होते, पण मावशीने माझा हात दाबला. "जाऊ दे गं. मला कंटाळा आलाय आता. घालू दे भिंगं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दुकानात फुलांच्या बादल्यांसमोर चष्मा काढून बसून राहिली. मालकाने हटकलं, तर म्हणाली, "डोळे पुसतेय."

पट्ट्या निघाल्या तेव्हा काका मुद्दाम एक पिवळं फूल घेऊन आले. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो.

"काय मग? आता दिसतं का नीट?"

मावशीने ते फूल उजेडात धरलं, कडेने पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"दिसतं," ती म्हणाली. "तुमच्याइतकंच."