बाबांची स्कूटर जागची हलत नव्हती म्हणे

माझे बाबा एक नंबरचे खोटारडे होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून फोटोखाली "देवमाणूस" वगैरे लिहिणार नाही. देवमाणसं रोज संध्याकाळी लेकीच्या तोंडावर "गाडी जागची हलली नाही" असं सांगत नाहीत.

गाडी म्हणजे त्यांची छोटी टू-स्ट्रोक स्कूटर. फिकट निळी. नोकरीला लागल्यावर घेतली आणि रिटायर झाल्यावरही सोडली नाही. पेट्रोलमध्ये ऑइल स्वतःच मिसळायचे, पंपावरच्या माणसावर विश्वास नाही. किक मारायच्या आधी तिला एका अंगाला कलंडवायचे आणि सीटवर हात फिरवून म्हणायचे, "चल गो बाय."

आईशी एवढं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मग काचबिंदू निघाला. समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं पार गेलेलं. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, आता गाडीला हात लावायचा नाही.

बाबांनी मान डोलावली. इतक्या पटकन, की मला तिथेच संशय आला.

मी शाळेत शिकवते. कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. जो लगेच "हो बाई" म्हणतो, त्याच्या खिशात चिठ्ठी असतेच.

शाळेतून आले की आधी पडवीत जाऊन सायलेन्सरला हात लावायचे.

कोमट.

"किक मारून ठेवावी लागते. नाहीतर प्लगवर कार्बन धरतो," बाबा आतून सांगायचे.

हे खरं होतं, हीच तर पंचाईत.

आईला विचारलं तर विळीवरून मान वर न करता ती म्हणायची, मला नाही बाई काही ऐकू आलं, कुकर लावला होता. आईवर माझा पूर्ण विश्वास. ती त्या स्कूटरला फटफटी म्हणायची, आणि मागे बसलं की चक्कर येते म्हणून लग्नकार्यालासुद्धा रिक्षाने जायची.

मी किल्ली लपवली. दुसरी निघाली.

एकदा पायाखालच्या रबरी मॅटखाली सुरूच्या काड्या सापडल्या. आमच्या घराच्या आसपास सुरूचं एक झाड नाही. सुरूचं बन आहे भाट्याच्या समुद्रावर. म्हणजे आधी बाजारातली गर्दी, मग खाडीवरचा पूल.

त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मोबाइल वाजला की वाटायचं, गेले. किंवा त्यांच्या गाडीखाली कुणाचं तरी पोर गेलं.

शेवटी शाळेतून खडू आणला. मागच्या चाकावर एक बारीक रेघ, तिच्या बरोबर खाली फरशीवर दुसरी. गाडी हलली की रेघा जुळणार नाहीत.

रेघा जुळल्या. रोज जुळल्या.

आणि मॅटखाली काड्या नव्या!

बाबांना ताटातली कोशिंबीर दिसत नव्हती, बोटांनी चाचपडायचे. खडूची बारीक रेघ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे कुणीतरी सामील होतं.

शेजारचे सतीशदादा. दुसरं कोण? गाड्यांचे शौकीन आणि दिवसभर घरी. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. दरवर्षी त्यांच्याकडे जाणारे फणसाचे गरे त्या वर्षी गेले नाहीत. काय झालं म्हणून विचारायला आले, तर म्हटलं, तुमचं तुम्हाला माहीत. बिचारे डोकं खाजवत परत गेले.

बाबा गेले ते दुपारी जेवून पडले होते तेव्हा, झोपेत. ज्याची मला भीती होती ते झालंच नाही.

तेराव्याला भाट्याची एक शहाळेवाली आली. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं. ती सरळ आईजवळ जाऊन बसली आणि तिने आईचा हात धरला.

"काकी, आता तुमाला गाडीवरून कोन आननार?"

मी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावला. रडू आलं म्हणून नव्हे हो. पकडली गेली म्हणून.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात गाठली तिला. मग सगळं सांगितलंन. बाबा गाडी चालवायचे, ही मागे बसायची. डावा खांदा दाबला की डावीकडून कोणी येतंय, उजवा दाबला की उजवीकडून. पाठीत थाप म्हणजे ब्रेक. घरी आल्यावर चाक फिरवून माझी रेघ जुळवायची. पुसली गेली तर नवी काढायची, खडू माझ्याच पर्समधला.

मी भडकले. तुम्ही दोघं मेला असतात, वर आणखी कुणाला तरी घेऊन. आणि तुला चक्कर येते ना?

"येते. डोळे मिटले की येते. म्हणून उघडे ठेवायचे," आई म्हणाली. "त्यांना बाजूचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं ना गो."

मग जरा वेळाने, भांडी लावता लावता म्हणाली, "सगळी वाट मी सांगत जायचे. आता पूल आला. भरती आहे. होड्या परत येतायत. हे नुसते हूं हूं करायचे. लग्न झाल्यापासून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो."



राग अजून गेलेला नाही. ते चूकच होतं, आणि हे मी आजही कुणालाही सांगेन. सतीशदादांकडे मात्र यंदा आख्खा फणस पाठवला.

आज सकाळी आई म्हणाली, भाट्याला जाऊया. माझ्या गाडीवर मागे बसवून नेलं तिला.

जाताना नाही, येताना नाही, ती एक शब्द बोलली नाही. पुलावर मी मुद्दाम गाडी हळू केली. तरी नाही.

मला दिसतं ना सगळं. मला काय सांगणार ती.

बाबा, रागासकट श्रद्धांजली.