जिकडे हात, तिकडे ट्रेलर

किस्से साठवायला जागा लागत नाही, न बोलणारं एक माणूस लागतं. दुबईत, रास अल खोरमधल्या आमच्या बोट-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते माणूस मी. लग्न होऊन आठ महिने झाले. शुक्रवारी दुपारी सगळ्यांचा डबा घेऊन येते, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते, आणि हिला बोअर होत असेल असं समजून सगळे मला विसरून जातात. मग काय, किस्से आयतेच मिळतात.

या वेळचे सगळे ट्रेलरचे. फुजैराच्या एका यार्डाने आम्हाला वर्षभराचं काम देऊ केलं. तिथल्या बोटी ट्रेलरवर घालून आणायच्या, दुरुस्त करून परत पाण्यात सोडायच्या. अट एकच. पिकअपला ट्रेलर जोडून तो रॅम्पवरून उलटा, पाण्यापर्यंत न्यायचा, अशी त्यांची टेस्ट आमच्यातल्या एकाने तरी पास व्हायला हवी. माणशी एकच चान्स. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर काम शारजाच्या पार्टीला.

*

पहिले गेले माझे मोठे दीर, भाईजान. जाताना म्हणाले, "बावीस वर्षं या देशात गाडी चालवतोय. ट्रेलरचं काय, येईल मागे मागे."

पुढे जाताना आलाही. पण रिव्हर्समध्ये स्टीअरिंग एकीकडे फिरवलं की ट्रेलर दुसरीकडे वळतो, हे भाईजानना बावीस वर्षांत कधी कळलंच नव्हतं. त्यांनी स्टीअरिंग उजवीकडे घेतलं, ट्रेलर डावीकडे निघाला. त्यांनी अजून उजवीकडे घेतलं. शेवटी ट्रेलर त्यांच्याच खिडकीपाशी येऊन थांबला, पत्ता विचारायला आल्यासारखा.

टेस्ट घेणारे कॅप्टन सुदानी, उंच, गंभीर. हिंदी मोजकी चार वाक्यं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि एकच शब्द काढला, "खलास."

परतीच्या वाटेवर भाईजाननी निकाल दिला, की रॅम्पच वाकडा आहे.

*

मग आमचे मेकॅनिक, गुहागरचे दत्ताभाऊ. हात सोन्याचा, पण अडचण वेगळीच. गावाकडे गाडी मागे घ्यायची म्हणजे कुणीतरी मागे उभं राहून पत्र्यावर थाप मारणार. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन थापा म्हणजे थांब. दत्ताभाऊंनी आयुष्यात आरशात म्हणून पाहिलेलं नाही. प्रॅक्टिसला आमचे वेल्डर थापा मारायचे आणि दत्ताभाऊ बोट अशी लावायचे की बघत राहावं.

टेस्टला मागे कोण असणार? दत्ताभाऊंनी हात खिडकीबाहेर काढला, स्वतःच्याच दारावर एक थाप मारली आणि निघाले. छान सरळ चालले होते. थांबायच्या दोन थापा कधी मारायच्या, हे मात्र आतून कसं कळणार? रॅम्पच्या कडेने मांडलेले प्लॅस्टिकचे दोन कोन चाकाखाली गेले, तिसरा ट्रेलरला अडकून पाण्यापर्यंत गेला.

कॅप्टननी त्यांना विचारलं, "दरवाज़े को क्यों मारा?"

दत्ताभाऊ म्हणाले, "साब, हमारे उधर ऐसाच है."

*

उरला मुश्ताक, माझा नवरा. तो अभ्यासू. आम्ही सिलिकॉन ओएसिसला राहतो, तिथल्या सुपरमार्केटात त्याने दोन ट्रॉल्या माझ्या ओढणीने एकमेकींना बांधल्या आणि डाळींच्या गल्लीत रिव्हर्सची प्रॅक्टिस सुरू केली. सिक्युरिटीवाला आला. त्याने मला विचारलं, मॅडम, हे तुमच्याबरोबर आहेत का? मी तूरडाळीचं पाकीट वाचत राहिले.

टेस्टच्या दिवशी मुश्ताकची तयारी पक्की होती. ट्रेलर जोडला, आरसे लावले, बिस्मिल्ला म्हटलं, गाडी पुढे काढली. नंतर तो सांगत होता, की मनात आलं, वा, किती हलका चालतोय आज! वीस पावलांवर त्याने आरशात पाहिलं. ट्रेलर जागेवरच उभा होता, आणि त्याच्या शेजारी कॅप्टन. हुकची खिट्टी लावायची राहिली होती.

*

महिना संपायला आठ दिवस. वेल्डर लोकांकडे लायसन्स नाही. भाईजान डब्यासमोर बसून होते, जेवत नव्हते. या कामाच्या भरवशावर त्यांनी शेजारचा गाळाही घेऊन ठेवला होता. तेव्हा मी आठ महिन्यांतलं माझं सर्वांत लांब वाक्य बोलले. म्हटलं, माझ्याकडे कारचं लायसन्स आहे, यार्डाला तेवढंच लागतं, मी बघू का?

त्या दिवशी माझ्याबरोबर आलेल्या भाभी, माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणाल्या, "बसू दे की तिला. तुम्ही तिघांनी बसून काय दिवे लावलेत?"

मी बसले. इतके शुक्रवार यांची प्रॅक्टिस बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तिघंही स्टीअरिंग वरून धरायचे आणि मग डावं-उजवं उलटं करण्यात डोकं घालवायचे. मी हात खाली, स्टीअरिंगच्या तळाशी धरला. आता जिकडे हात सरकवीन, तिकडे ट्रेलर. दत्ताभाऊ सवयीने मागे जाऊन उभे राहिले. त्यांना म्हटलं, भाऊ, हात खिशात ठेवा. आठ दिवस बिचाऱ्यांनी ठेवले.

*

शेवटच्या दिवशी आम्ही चौघं फुजैराला. तिघं रॅम्पच्या कडेला रांगेत उभे. मी ट्रेलर जोडला, खिट्टी हलवून पाहिली. थोडं मागे नेल्यावर थांबले, उतरले, मागे जाऊन बघून आले. पुढे पुन्हा एकदा उतरले. भाईजाननी डोळेच मिटून घेतले, दोनदा उतरली म्हणजे गेलंच काम. मी परत बसले, हात खाली धरला आणि हळूहळू नेत राहिले. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली तेव्हा सगळे कोन जागच्या जागी उभे होते.

कॅप्टन पाण्यापर्यंत चालत गेले. दोन्ही चाकं पाहिली, कोन मोजले, माझ्या खिडकीशी आले.

"दो बार उतरा. बहुत अच्छा. पास. किसने सिखाया?"

मी कडेला उभ्या असलेल्या तिघांकडे बोट दाखवलं. "इन तीनों ने. मैं हर शुक्रवार इनको देखती थी."

कॅप्टननी फाइल उघडली. मागची पानं उलटली, तिघांचे नापास झालेले जुने कागद बाहेर काढले आणि तिथेच उन्हात उभं राहून एकेक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.