मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या ब्रह्मपुरीच्या मंडळीत प्रार्थना करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, अशी माझी समजूत होती. मंडळी म्हणजे पंधरा-वीस ख्रिस्ती घरं. स्वतःचा पाळक नव्हता. महिन्यातून एकदा चंद्रपूरहून एसटीनं पाळक यायचे, शनिवारी संध्याकाळी आमच्या छोट्या चर्चमध्ये तयारीची उपासना घ्यायचे आणि रविवारी प्रभुभोजन देऊन परत जायचे. एरवी दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरायची. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. डोळे मिटले की वाक्यांमागून वाक्यं येत. बायका म्हणायच्या, "बाई प्रार्थना करते तं अंगावर काटा येते." मी नम्रपणे मान खाली घालायचे आणि आतल्या आत फुगायचे.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट आहे. धान कापून घरात आलं होतं आणि मंडळीतल्या एका मुलीचं लग्न जमत आलं होतं. ती आरमोरीच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स होती. रोज सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन जायची, संध्याकाळी तशीच परतायची. मला मावशी म्हणायची. मुलगा भद्रावतीचा, नोकरीतला, सगळ्यांना पसंत पडलेला. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली की लहानपणापासून तिला फिट येतात. चार वर्षांत एकदाही आलेली नव्हती, पण गोळ्या चालू होत्या.

"रविवारी ते लोक येऊन राह्यले," ती म्हणाली. "जेवणं झाले का मीच सांगतो त्याले, बाजूले बसून. लपवाचं नाई मले. पण माझ्याच तोंडानं सांगाचं आहे. तोवर कोणाले बोलू नका मावशी. फक्त प्रार्थना करा."

फक्त प्रार्थना करा, हे तिचे शब्द मी नंतर किती वेळा ढालीसारखे वापरले, त्याची मला लाज वाटते.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकते. सहा महिन्यांपूर्वी मी माझ्या भाच्याचं स्थळ तिला सुचवलं होतं. तिनं गोड बोलून नकार दिला. मी "प्रभूची इच्छा" म्हणून हसले आणि पुढे महिनाभर तिच्या आईशी धड बोलले नाही. भाचा चांगला होता, कमावता होता. त्याच्यात काय कमी होतं, हा प्रश्न माझ्या मनात पाय रोवून बसला होता. प्रार्थनेत मी त्या प्रश्नाचं नावही काढत नव्हते, म्हणजे तो मनात नाही असं मी धरून चालले होते.

त्या बुधवारी सभेला मुलाची आत्या आली होती. कुणाकडे तरी पाहुणी म्हणून दोन दिवस उतरली होती, आणि खरं म्हणजे मुलीचं घरदार न्याहाळायला आली होती. मुलगी ड्यूटीवरून यायची होती, तिची आई मात्र होती. आत्या माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. तिला गाण्याचं पान सापडेना, तेव्हा मीच तिचं पुस्तक घेऊन पान काढून दिलं.

मग मी डोळे मिटले. पावसापाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी प्रार्थना झाली. आणि त्याच सुरात, सूतभरही न बदलता, मी म्हणाले, "हे प्रभू, आमच्या त्या तरुण बहिणीला, जी रुग्णांची सेवा करते, तिला फिटच्या आजारातून सोडव. तिला गोळ्या लपवाव्या लागू नयेत असं कर." सगळे आमेन म्हणाले. डोळे उघडले तेव्हा मुलीची आई माझ्याकडे बघत होती. तिनं डोळे केव्हाच उघडले होते. आत्या शेवटी, सगळ्यांच्या नंतर, सावकाश आमेन म्हणाली. मी उगाच गाण्याचं पुस्तक चाळायला लागले. पण मनाच्या तळाशी एक बारीकसं समाधान होतं, आणि तेच मला आजवर विसरता आलेलं नाही.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आत्या निघून गेली. गुरुवार आणि शुक्रवार मी स्वतःचीच वकिली करण्यात घालवले. नाव घेतलं होतं का? नाही. वाईट चिंतलं होतं का? उलट, बरं होवो म्हटलं होतं. शाळेत मुलांवर उगाच खेकसत होते. रात्री बिछान्याशी गुडघे टेकले की शब्द फुटेना, माझ्यासारखीचे शब्द आटले होते.

शनिवारी प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे असायची. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून पिळून गाळायचे. आमच्याकडे द्राक्षारस तो हाच. त्या दिवशी भांडं करपता करपता राहिलं. संध्याकाळी पाळकांनी तयारीची उपासना सुरू केली. आमच्याकडे एक रीत होती. पाळक म्हणायचे, "कुणाचं कुणाशी काही असेल तर आत्ता उठून जा, मिटवून या. मी थांबतो." आणि ते खरोखरच थांबायचे. लोक खरोखरच उठायचे. दोन भाऊ अंगणात जाऊन बोलायचे, एखादी सून सासूला घेऊन पेरूच्या झाडाखाली उभी राहायची. बाकीचे गप्प बसून राहायचे. मुलगी आणि तिची आई त्या दिवशी आलेल्याच नव्हत्या. मी उठले. माझ्या पाठीवर सगळ्यांची नजर आहे हे कळत होतं.

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मुलगी पलंगावर बसून युनिफॉर्मचं बटण लावत होती. तिनं मला बसा म्हटलं नाही.

"उद्या ते येऊन नाई राह्यले," ती म्हणाली. "बाजूच्याइच्या फोनवर निरोप आला."

"पोरी, माझं चुकलं," मी म्हणाले. "ओघात बोलून गेले. मला माफ कर."

"आत्याबाई तिथी बसून होती, हे ध्यानात होतं तुमच्या?"

तो प्रश्न इतका सरळ होता की त्याला बगल देता येईना. तिकडे पाळक थांबले होते, मंडळी थांबली होती, मला परत जाऊन बसायचं होतं.

"नव्हतं गं," मी म्हणाले. "डोळे मिटल्यावर कोण कुठं बसलंय याचं भान राहतं का?"

तिनं दातांनी दोरा तोडला. "मंग ठीक आहे. केलं माफ."

मी परत गेले. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि गाणं सुरू झालं. मी सगळ्यांत मोठ्यानं गायले.

रविवारी त्या दोघी आल्या. दोन बाकं पुढे बसल्या. भाकरीची ताटली रांगेरांगेतून सरकत माझ्याकडे यायला लागली. ते तुकडे मीच कापले होते. प्रभूपुढे खोटं बोलून त्याच्याच मेजावर बसायचं, एवढं धाडस माझ्यात नव्हतं. आणि सगळ्यांसमोर ताटली पुढे सरकवायचं धाडसही नव्हतं. ताटली हातात आली. मी तुकडा न घेता ती पुढे दिली.

"बाई, घ्या ना," शेजारीण कुजबुजली. तिला वाटलं मी विसरले. मग द्राक्षारसाचे पेले आले, तेही मी पुढे दिले. पुढच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली.

उपासना संपल्यावर मी मुलीला अंगणातच गाठलं. तिची आई बाजूला उभी होती. बरंच झालं, आता मागे फिरता येणार नव्हतं. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "आत्याला गाण्याचं पान मीच काढून दिलं होतं. माझ्या भाच्याला तू नाही म्हणालीस, ते मनात होतं. मी मुद्दाम बोलले."

"पान काढून देल्लं ते आईनं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "मले काल बी माहीत होतं."

"मग माफ कशाला केलंस?"

"तुम्हाले घाई होती. पाळक थांबले होते. तुम्ही खोटं मागतलं, मी खोटं देल्लं."

"आणि आज?"

"आज नाई जमत, मावशी." आवाज चढवला नाही, रडलीही नाही. आईचा हात धरून निघून गेली.

मला राग आला. खरंच आला. इतका मान खाली घालून, सगळ्यांसमोर ताटली सोडून, कबूल करून झालं, आणि ही म्हणते जमत नाही. हिला शास्त्र कळतं की नाही? घरी पोचेपर्यंत मी तिच्यासाठी एक प्रार्थनाही जुळवली होती, प्रभू, तिचं कठीण मन मऊ कर. चपला काढता काढता ते माझ्या लक्षात आलं आणि मी दारातच खाली बसले. जीभ पुन्हा त्याच वाटेला लागली होती.

लग्न मोडलं. मंडळीतल्या काही बायका माझी समजूत घालत, की असे लोक काय कामाचे, देवानं पोरीला वाचवलं. ऐकायला फार बरं वाटायचं. पण ते म्हणायचा हक्क तिचा होता, आणि तिनं ते कधी म्हटलं नाही. चार महिने मी मनुके उकळले, भाकर कापली आणि ताटली पुढे सरकवली. बुधवारच्या सभेत कुणी प्रार्थना सांगितली की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचे. लोकांना वाटलं माझा घसा बसलाय.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिची बदली गडचिरोलीच्या आतल्या भागात झाली. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली. मी चहा टाकला, ती प्यायली. उन्हाविषयी, तिकडच्या रस्त्याविषयी बोलणं झालं. शेवटी मीच विचारलं, "माफ झालं का गं?"

"पुरं नाई झालं," ती म्हणाली.

ती उठली. सवयीनं माझ्या ओठांवर आलं, की निघताना प्रार्थना करू या. माझे हात जुळायला लागलेले तिनं पाहिले.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "मी करतो तुमच्यासाठी. रोज करतो. मनातल्या मनात."