बाबांच्या उरलेल्या गोळ्या

बाबांच्या तेराव्याला त्यांच्या वस्तू वाटल्या गेल्या. घड्याळ काकांना, कपडे गरजूंना, आणि साखरेच्या उरलेल्या गोळ्या आत्याला. बाबांच्या या धाकट्या बहिणीलाही साखरच होती, म्हणजे औषध तेच, असा सरळ हिशेब. बाबांची गोळी जास्त ताकदीची आहे, हे मी सांगून पाहिलं. "दवा फेकाची नाय, पाप लागतं," असं आत्यानंच मला ऐकवलं आणि पाकिटं पिशवीत टाकली. आमच्याकडे शिळा भात फेकतील, पण गोळी फेकणार नाहीत.

महिन्याच्या घासाला ती द्रोणागिरीहून जुईनगरला आमच्याकडे आली. सकाळी तिनं स्वतःची गोळी घेतली, वर भावाचीही घेतली. वाया कशाला घालवायची? मग कावळा पानाला शिवेपर्यंत उपाशी बसली. कावळा कुठला यायला? समोर टॉवर झाल्यापासून गच्चीवर नुसती कबुतरं. दुपार कलली तसा आत्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि "दादूस, दादूस" अशा बाबांना हाका मारत ती काहीबाही बरळायला लागली.

मी पाण्यात साखर ढवळून आणली. काकांनी माझा हात धरला.

"दादूस आयलाय तिचे अंगान. त्याला बोलू दे."

काकूनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. एकानं तर बाबांच्या प्लॉटचं काय करायचं तेही विचारून घेतलं. मेलेला माणूस काय सांगतो म्हणून सगळे कान टवकारून बसले होते, आणि जिवंत बाई डोळ्यांदेखत चालली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात सोडवून मी पुढं झाले, तोवर तिची दातखीळ बसली होती.

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. कोणत्या गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनी विचारलं. पिशवीत पाकिटांचे कात्रीनं कापलेले तुकडे निघाले, कशावर नाव नाही, कशावर तारीख नाही. रक्तातली साखर पार तळाला गेली होती आणि मेंदू फार वेळ उपाशी राहिला, असं ते म्हणाले.

आत्या वाचली. नारळामुळे वाचली, असं घरात ठरलंय. पिशवीतल्या बाबांच्या गोळ्या मी फोडून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवल्या आणि बांधून कचऱ्यात टाकल्या, तर काकू म्हणाली, भावाची शेवटची आठवणही हिनं ठेवली नाही.

आता आत्याला बाबा गेल्याचंच आठवत नाही. काका कौतुकानं सांगतात, दादूस अजून तिच्याजवळच आहे. मी भेटायला गेले की ती विचारते, "दादूस जेवला का?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर आत्ताच कळल्यासारखी ऊर बडवून रडली. दुसऱ्यांदाही तशीच. आता मी सांगते, जेवला.