ताईच्या ओढ्यातले क्रेफिश

"ताईच्या ओढ्यात आता कोण उतरणार?"

ताई गेली त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाला मी हे विचारलं. इथला, अमेरिकेतल्या कॅरी गावातला आमचा अख्खा मराठी ग्रुप येऊन गेला. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे. जो तो म्हणे, "तू आधी काहीतरी खाऊन घे." उत्तर एकानंही दिलं नाही! या लोकांचे किस्से साठतच जातात यार. पोटात ठेवले की जळजळतं, म्हणून सांगतो.

*

ताई क्रेफिश वाचवायचं काम करायची. गोड्या पाण्यातला, बोटाएवढा, नांग्यांवाला जीव. कोळंबीचा चुलतभाऊच म्हणा. तिचा हा क्रेफिश फक्त आमच्या घरामागच्या ओढ्यात सापडतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. ग्रुपच्या पॉटलकला, म्हणजे जो तो एकेक पदार्थ आणतो त्या जेवणाला, तिनं हे जीव तोडून समजावलं. रिटायर्ड सर्जन अण्णाकाका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एवढा रेअर? चवीला भारीच असणार!"

*

मंजूमावशी योगा शिकवतात. ओढ्यातले दगड उचलून एकावर एक रचायच्या आणि फोटो टाकायच्या.

"मावशी, त्या दगडांखाली क्रेफिश राहतात. घर मोडतंय त्यांचं," ताई म्हणाली.

"अगं, रचताना मन किती शांत होतं!"

"तुमचं! त्यांचं काय?"

मावशींनी दगड खाली ठेवले. रात्री ताईला मेडिटेशन क्लासची लिंक आली!

*

शोकसभेत माइक अण्णाकाकांकडे. "तिनं कासवांसाठी आयुष्य वेचलं..."

कासवांसाठी! मी मागून ओरडलो, "क्रेफिश!"

"तेच ते," काका म्हणाले, आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

*

शोभाकाकू म्हणजे अण्णाकाकांची बायको. शुद्ध शाकाहारी. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मी शेफ, तेव्हा रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होतो.

"बाळा, तुझ्या ताईच्या नावानं पुण्य केलं बघ. मार्केटमध्ये जिवंत क्रेफिश विकायला होते रे, उकळून खायला! दोन बादल्या घेतल्या, हळदकुंकू वाहिलं आणि ताईच्या ओढ्यात सोडले."

मी गॅस बंद केला. बाजारातले ते लाल, दांडगे. ताई नेहमी सांगायची, बाहेरचे एकदा घुसले की आपल्या बारक्यांना हुसकावतात, खातात, रोगसुद्धा देतात.

"काकू, तुम्ही ताईचे सगळे मारणार!"

"अरे, पण तेही जीवच ना?" काकू रडायलाच लागल्या.

मी ताईच्या ऑफिसला कळवलं, तिच्याबरोबर क्रेफिश वाचवणारी माणसं आली. मी तिचे रबरी बूट चढवले. चिकनचे तुकडे घालून सापळे लावले. लाल दिसला की बादलीत. हिरवट बारका दिसला की हळूच परत त्याच्या दगडाखाली. लाल यायचे थांबेपर्यंत रोज तेच. ऑफिसवाल्यांनी बजावलं, हे जिवंत कुठेही सोडायचे नाहीत.

रविवारी ग्रुपचं जेवण होतं. त्यांच्यासाठी मी केलेला तो शेवटचा स्वयंपाक, त्यानंतर ग्रुपसाठी रांधायचं मी सोडलं. काकूंना पिठलं-भात, बाकीच्यांना लाल नांग्यांचा मालवणी रस्सा. अण्णाकाकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. बोटं चाटत म्हणाले, "वा! कुणी दिले रे हे?"

"काकूंचं पुण्य," मी म्हणालो आणि त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला.