वाळवंटातला देव

आमच्या वरच्या मजल्यावर किनवटकडचा एक माणूस राहतो. रविवारी चहाला येतो, बशीत ओतून फुरके मारतो आणि माझ्या खुर्चीमागं उभा राहतो. मी तेव्हा देव असतो, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातला. वाळवंटाच्या लेव्हलला कधीचा अडकलो होतो. तहानलेल्या माझ्या माणसांसाठी पाऊस पाडला की माझी शक्ती संपते, अन् नेमका तेव्हाच शत्रूचा देव चालून येतो.

"पाऊस कशाला पाडून राहिलात? वाळूत जिरून चाललाय सगळा," तो म्हणतो. "माणसंच तळ्याकडं न्या की."

मग माऊस घेतो. पडद्यावरच्या चिमुकल्या माणसांना "दमानं चला रे" म्हणत हाकतो. मागं राहिलेल्या एका म्हातारीसाठी अख्खा जथा थांबवतो. असली चीड येते मला! पण ती माणसं त्यालाच भजतात, शक्ती वाढत जाते, आणि जिंकायची वेळ आली की हा उठतो. "पुढचं तुम्ही करा." अन् मी पुन्हा हरतो.

या रविवारी तो गावाला गेला होता. मी एकट्यानं, पहिल्यापासून, माणसं तळ्याकडं नेऊन ती लेव्हल जिंकली. आनंदानं ओरडलोच. लेक पळत आली. पडद्यावर नाचणारी माणसं तिनं पाहिली, मग दाराकडं बघत विचारलं, "काका आले?"